चाकामागे चाक

सायकल ही एकट्याने चालवावयाची वस्तू आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि पुण्यासारख्या सायकलींच्या गावात ज्याचे बालपण गेले, शाळेला, मंडईला आणि पुढे कचेरीला जाताना ज्याचे पाय वर्षानुवर्षे त्याच दोन पेडलांवर फिरले, त्याच्या मनात तर ही समजूत इतकी खोल मुरलेली असते की, सायकल चालविणे ही एक सामुदायिक विद्याही आहे आणि तिचे स्वतःचे शास्त्र व शिष्टाचार आहेत, हे कोणी सांगितले तरी त्याला सहसा पटत नाही. मला ते पटले डॅन्यूब नदीच्या काठी, पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतच्या मार्गावर, तीन मित्रांच्या संगतीत. युरोपातील गावे, प्रार्थनामंदिरे आणि द्राक्षांचे मळे पाहावे या हेतूने आम्ही निघालो होतो. ते सर्व पाहिलेही. परंतु त्या प्रवासाने जे शिकविले ते प्रेक्षणीय स्थळांच्या कोणत्याही यादीत नव्हते.

पासाऊ हे जर्मनीच्या सरहद्दीवरचे जुने नगर. तेथे आल्प्सकडून येणारी हिरवट इन, अरण्यातून येणारी काळसर इल्त्स आणि स्वतः डॅन्यूब अशा तीन नद्यांचा संगम होतो, आणि तेथून व्हिएन्ना काठाकाठाने सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. हा रस्ता इतका सपाट का, याचे उत्तर इतिहासात आहे. वाफेची जहाजे येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या मालाच्या नावा काठावरून घोड्यांकरवी ओढून नेत असत. घोड्यांची लांबच लांब ओळ, तिला बांधलेले जाड दोर आणि मागे नावांचा ताफा असा तो सरंजाम असे. त्या घोड्यांसाठी राखलेल्या तटमार्गावरूनच आज पुष्कळ ठिकाणी सायकली धावतात. काठावर ठरावीक अंतराने किलोमीटरांच्या पाट्या लागतात, आणि नवख्या माणसास त्या प्रथम बुचकळ्यात टाकतात. कारण पुढे जावे तसे आकडे कमी होत जातात. पासाऊपाशी सव्वाबावीसशेच्या घरात असलेला आकडा व्हिएन्नात एकोणीसशेच्या घरात येतो. काही नद्यांची मोजणी उगमापासून होते, डॅन्यूबची मात्र मुखापासून, काळ्या समुद्राकडून होते. किती चाललो हे त्या पाट्या सांगत नाहीत. समुद्र अजून किती दूर आहे एवढेच सांगतात.

आता विद्येविषयी. सायकलस्वाराचा सपाटीवरचा खरा प्रतिपक्षी म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि समोरून वारा असेल तर स्वाराने वेग न वाढविताही तो वाढल्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. पुढल्या स्वाराच्या पाठीमागे मात्र हवेत एक पोकळी चालत असते. तिच्यात चाक ठेवणारास श्रम बरेच कमी पडतात. शर्यतीतले स्वार वीतभर अंतर राखून चालतात; आमच्यासारख्या सामान लादलेल्यांनी निदान एका सायकलीचे अंतर राखावे, कारण लादलेली सायकल उशिरा थांबते आणि सावकाश वळते. मागच्याने पुढल्याच्या चाकावर डोळे खिळवून ठेवू नयेत. त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता पाहावा. आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी नेऊ नये. दोन्ही घासली तर पडतो तो मागचा. हे नियम पुस्तकातही सापडतील. पण पुढे असणाराचे कर्तव्य कोणते, हे मला त्या नदीकाठीच नीट उमगले. पुढल्याने स्वतःसाठी सायकल चालवावयाची नसते. त्याने अकस्मात ब्रेक दाबावयाचा नाही, खड्डा आला तर हात खाली करून तो दाखवावयाचा, समोरून कोणी येत असेल तर मोठ्याने सांगावयाचे. आणि सर्वांत कठीण म्हणजे आघाडी हाती आल्याबरोबर वेग वाढवावयाचा नाही. ताज्या दमाचा मनुष्य पुढे येतो आणि उत्साहाच्या भरात ताशी दोन किलोमीटर अधिक जातो; त्याला स्वतःला ते कळतही नाही, आणि मागे ओळ फाटते.

आमच्यांत वकील मित्र प्रकृतीने नाजूक, आणि संकोची स्वभावामुळे सदैव शेवटी राहणारे. दुर्बलाने मागे राहावे हा आपला सार्वत्रिक शिरस्ता, आणि तो वरवर पाहता सौजन्याचाही वाटतो. वस्तुतः ओळीच्या शेपटाची जागा ही दुर्बलास सर्वांत जाचक असते. पुढल्याने किंचित वेग घटवला की दुसरा थोडा अधिक घटवतो, तिसरा त्याहून अधिक. वेग पुन्हा वाढला की शेवटच्याला धावावे लागते. असे दिवसभर घटत आणि वाढत राहिले की त्याचे पाय सर्वांच्या आधी जातात, आणि तो मागे पडला हेही कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही. म्हणून श्लोगेनजवळ, जेथे नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते आणि उत्तर काठावर रस्ताच न उरल्यामुळे लहान नावेतून सायकली न्याव्या लागतात, तेथे नावेची वाट पाहत बसलो असता आम्ही क्रम बदलला. वकील दुसऱ्या जागी, आणि आमच्यातले सर्वांत सशक्त डॉक्टर शेवटी. ‘मी मध्ये कशाला, तुमचा खोळंबा होईल,’ असे वकील म्हणाले. ‘मागून लक्ष ठेवायला मी आहे, तुम्ही बिनधास्त पुढे व्हा,’ एवढेच डॉक्टरांनी उत्तर दिले. त्या दुपारी आमची मजल आदल्या दिवशीपेक्षा लांब झाली, आणि मुक्कामाला पोचल्यावर वकील प्रथमच जेवणाआधी झोपी गेले नाहीत.

लिंट्स मागे पडल्यावर माउटहाउझेन लागते. काठावरून पाहता हे एक प्रसन्न, नीटनेटके गाव आहे. परंतु वरच्या टेकडीवर 1938 साली नाझी राजवटीने बंदिवानांची छावणी उभारली, ती तेथल्या ग्रॅनाइटच्या खाणीसाठी. ती छावणी आणि तिच्या शाखा मिळून सुमारे 1 लाख 90 हजार माणसे कोंडली गेली, आणि 1945 च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्य येईपर्यंत त्यांपैकी निदान 90 हजार मृत्यू पावली. आम्ही सायकली घेऊन चढ चढलो आणि त्या खाणीच्या पायऱ्यांपाशी उभे राहिलो. त्या पायऱ्या 186 आहेत. पाचापाचांच्या रांगा करून, प्रत्येकाच्या पाठीवर शिळा देऊन, उपाशी माणसांना त्या चढावयास लावीत. एक कोसळला की त्याच्याबरोबर मागची रांग कोसळे. मी तेथे उभा असताना, ज्या ओळीतील चालीची मी मनातल्या मनात इतकी स्तुती करीत आलो होतो, तिच्याविषयी माझे मन प्रथमच कचरले. शिस्त, समान वेग, पुढल्याच्या पावलावर पाऊल, हे सारे त्या पायऱ्यांवरही होते. नव्हती ती फक्त एक गोष्ट: ओळीतून बाजूला होण्याची, थांबण्याची मुभा. खाली उतरल्यावर कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. आघाडीला कोण, हेही ठरले नाही. डॉक्टर निमूटपणे पुढे झाले आणि त्या संध्याकाळी आघाडी त्यांनी कोणालाच दिली नाही.

ग्राइनच्या अलीकडे डॉक्टरांच्याच मागच्या चाकाची एक तार तुटली, तीही फ्रीव्हीलच्या बाजूची. लादलेल्या सायकलीची तार बहुधा तेथेच तुटते. कारण दात्यांना जागा देण्यासाठी त्या बाजूच्या तारा अधिक उभ्या आणि अधिक ताणाच्या असतात, आणि दात्यांचा संच उतरविल्याखेरीज नवी तार घालता येत नाही. आम्ही सामान उतरवले, सायकल उलटी केली, तार ओवली, आणि मी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावयास बसलो. ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवून चाक हळू फिरवावयाचे. रिम जेथे उजवीकडे घासते तेथे डावीकडच्या तारा पाव फेरा आवळावयाच्या, उजवीकडच्या तितक्याच सैल करावयाच्या, आणि अधूनमधून नखाने तारा छेडून एका बाजूच्या सर्वांचा नाद जुळतो की नाही ते ऐकावयाचे. घाई केली तर चाक अधिकच बिघडते. ते काम चालले असता वकिलांनी डॉक्टरांच्या पिशव्या उघडल्या, आणि सगळ्यांची हत्यारे, औषधे, स्टोव्ह व निम्मा शिधा त्यांनी एकट्याने, कोणास न सांगता, मागच्या कॅरिअरवर घेतला असल्याचे उघड झाले. सामानाची फेरवाटणी तेथेच झाली. आणि जड वस्तूंतला आपला वाटा वकिलांनी हट्टाने मागून घेतला. मला त्यांचा तो हट्ट फार आवडला.

मेल्कचा मठ, जर्दाळूच्या बागा, दगडी बांधांवर चढत गेलेली द्राक्षे, इंग्लंडचा राजा रिचर्ड जेथे कैदेत होता ते ड्यूर्नश्टाइन, यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहावयाचे आहे ते टुलनच्या मैदानाविषयी. या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणूनच लोक पासाऊहून पूर्वेकडे जातात. आमच्या नशिबी त्या दिवशी तो पूर्वेचा आला. झाड नाही, आडोसा नाही, आणि छातीवर अखंड दाब. आम्ही थोड्या थोड्या वेळाने आघाडी बदलू लागलो. पुढचा बाजूला सरून मागे जाई, दुसरा पुढे होई. वकिलांची पाळी आली तेव्हा त्यांना गाळावे असे मी सुचविणार होतो, तोच ते पुढे झाले. त्यांची पाळी इतरांहून लहान झाली. पण तेवढ्या वेळात वेग तसूभरही वाढला नाही की कमी झाला नाही. प्रवासातली सर्वांत निर्दोष आघाडी ती होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मागे राहून ज्याने सोसले होते, त्यालाच मागच्याला काय हवे ते ठाऊक होते.

1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. 1928 साली ती पूर्ण करून परतले ते तिघे. त्यांच्या साहसापुढे आमचा प्रवास म्हणजे फेरफटका होय. तरीही हा मार्ग कोणी मराठी मंडळी करणार असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी काही रविवार पूर्ण सामान लादून पानशेतच्या रस्त्यावर एकत्र जा, आघाडी आळीपाळीने घ्या, आणि आपल्यांत जो सर्वांत लवकर दमतो त्याला दुसऱ्या जागी ठेवून पाहा. तारा घेताना फ्रीव्हीलच्या बाजूच्या मापाच्या चार अधिक घ्या.