जाळलेले दप्तर आणि मागितलेला पुरावा

गुप्ततेवर उभ्या राहिलेल्या लढ्याचा इतिहास लिहिताना एक अडचण हमखास येते. गुप्तता जितकी यशस्वी, तितकी मागे उरणारी कागदपत्रे कमी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे मराठवाड्यातील शेवटचे पर्व याची साक्ष देते.

ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, निजामाचे संस्थान मात्र वेगळे राहिले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले आणि स्टेट काँग्रेसच्या लढ्याने उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांचा आधार घेतला. तेथून येणारे तरुण करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करीत, तारा तोडीत, निजामाला अबकारी उत्पन्न देणारी शिंदीची झाडे पाडीत आणि गावोगावच्या पटेल-पटवाऱ्यांचे दप्तर जाळीत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हे चालले. या तरुणांपैकी काहींची नावे तरी नोंदली गेली. त्यांना वाट दाखविणारे, निरोप पोचविणारे, भाकरी पुरविणारे जे गाव होते, त्याची नोंद कोणी ठेवायची?

आमचे गाव कन्नड तालुक्यातले, खानदेशच्या हद्दीला टेकलेले. रात्री ओढ्याच्या काठी भाकरीचे गाठोडे ठेवून यायचे आणि ते कोण नेतो हे पाहायचे नाही, एवढेच माझी आजी सांगे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. पुढे केव्हातरी आजीच्या नावे अर्ज करावा असे घरात ठरले. भूमिगत कार्याचा सरकारी कागद नसेल तर जुन्या स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र लागे. तेव्हा काकांनी तिला विचारले, भाकरी कोणाकोणासाठी नेलीस, त्यांची नावे सांग. तिचे उत्तर घरात अजून सांगितले जाते: "नाव इचारायचं न्हाई म्हनून तर समदे वाचले, बाबा." अर्ज राहूनच गेला.

यातील विसंगती मला आजही अस्वस्थ करते. ज्यांनी दप्तर जाळण्यात जिवाची जोखीम घेतली, त्यांच्याकडेच नव्या राज्याने दप्तर मागितले. कागद नाही म्हणून खरी माणसे बाहेर राहिली. दुसरीकडे, कागदाच्या जागी शपथपत्र चालते म्हणून खोटी माणसे आत शिरली. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ साली त्यावर निकाल झाला. साहित्याच्या अभ्यासकाने या शपथपत्रांकडे एक गद्यप्रकार म्हणूनही पाहावे. त्यात तारीख, ठिकाण, नेत्याचे नाव सारे जागच्या जागी लागते. ठरीव साच्यात सांगितलेली कथा अधिक विश्वसनीय ठरते आणि अडखळत सांगितलेला अनुभव संशयास्पद.

याउलट उदाहरण उमरीचे. ३० जानेवारी १९४८ रोजी तेथील बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि उरलेली रक्कम पुढे सरकारकडे सोपविली गेली. पैशाचा हिशेब देता येतो. भाकरीचा कोणी मागितला नाही, आणि मागितला तेव्हा तो देण्याजोगा नव्हता.

ब्रिटननेही १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने खेड्यातील शेतकरी, शिकारराखे अशांच्या गुप्त तुकड्या उभारल्या होत्या. 'ऑक्झिलरी युनिट्स' हे त्यांचे नाव. जमिनीखाली त्यांचे अड्डे असत आणि घरच्यांनाही काही सांगायची मुभा नसे. पण ती गुप्तता राज्यानेच नेमून दिलेली होती. त्यामुळे नावांच्या याद्या कोठेतरी उरल्या आणि पुढे अभ्यासकांना सापडल्या. आमच्याकडची गुप्तता राज्याविरुद्ध होती. तिची यादी करणे म्हणजेच विश्वासघात होता.

या संग्रामाचा इतिहास लिहिणाऱ्या अनंत भालेरावांसारख्यांनी त्यात स्वतः भाग घेतला होता, हे आपले भाग्य. आता ती पिढी सरली. विद्यार्थ्यांना गावोगाव मौखिक इतिहास गोळा करायला पाठविताना मी एकच सूचना देतो. आजी-आजोबांचे ऐकलेले सांगताना कोणी मध्येच थांबले, नाव गाळले, तर ती जागा कल्पनेने भरू नका. "येथे नाव सांगितले नाही" असे लिहा. कदाचित त्या लढ्याचा उरलेला अस्सल पुरावा तेवढाच असेल.