पुट ऑफ, कॉल ऑफ आणि लांजीचा बेत

परवा रात्री जेवणं आटोपून बसलो होतो, तेवढ्यात लांजीहून भाचीचा फोन आला. लांजी म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेलं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. माझी ताई लग्न होऊन तिकडे गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. भावोजींचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं, त्यामुळे घरात मराठी. शाळेत आणि बाजारात मात्र हिंदी. भाची यंदा बारावीला आहे.

"मामा, तुम्ही बी. ए. ला इंग्रजी घेतलं होतं ना? मग हे पुट ऑफ, कॉल ऑफ, फॉल थ्रू जरा समजावून सांगा. उद्या टेस्ट आहे."

बी. ए. होऊन वीस-बावीस वर्षं झाली. त्या इंग्रजीतलं आता उरलंय ते कचेरीतल्या टिपणीपुरतं. पण भाचीसमोर मामाने हार कशी मानायची? बसलो शिकवायला.

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं. फॉल थ्रू म्हणजे बेत बारगळणं. कुणी रद्द केला नाही, पण झालाही नाही. पेन्सिल इन म्हणजे तारीख तात्पुरती टिपून ठेवणं, उद्या खोडता येईल अशी. मग आलं प्ले इट बाय इअर. मुळात हे वाजवणाऱ्यांचं बोलणं. समोर लिहिलेले स्वर न ठेवता नुसतं कानाने वाजवायचं. बेताच्या बाबतीत त्याचा अर्थ आधी काही ठरवायचं नाही, वेळ येईल तसं करायचं. हे सांगताना माझ्या तोंडून आपलं कोकणी निघून गेलं, "मागीर पळोवया!" भाची हसली. "हे आईपण म्हणते," म्हणाली.

कम ऑफ म्हणजे बेत जमून येणं, असं सांगितलं तेव्हा मात्र ती अडून बसली. "ऑफ म्हणजे बंद ना? मग पुट ऑफमध्ये बेत लांबतो, कॉल ऑफमध्ये मोडतो आणि कम ऑफमध्ये जमतो, असं कसं?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आपलं मराठी तरी कुठे वेगळं आहे? 'पडणे' बघ. कार्य पार पडतं आणि लांबणीवरही पडतं. पडणं एकच, पण एकीकडे मांडव सजलेला, दुसरीकडे मांडवाचा पत्ता नाही.

बोलता बोलता मला आपलेच शब्द आठवायला लागले. आपण बेत आखतो, घाट घालतो, मनात मांडे खातो. बेळगावचे मांडे आपण निदान खरे खाल्लेत, मनातले तर पोटातही जात नाहीत. आणि मनसुबा! हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तिकडे बुद्धिबळात सोडवण्यासाठी मांडलेल्या डावालाही मनसुबाच म्हणत. सोंगट्या मांडून झालेल्या असतात, चाल तेवढी करायची राहिलेली असते.

"आता तू वाक्यं कर," मी म्हटलं.

पहिलं वाक्य शाळेची सहल रद्द झाल्याचं होतं. दुसरं असं: "माय मामा पुट्स ऑफ हिज ट्रिप टू लांजी एव्हरी इयर."

व्याकरणात चूक नव्हती. मी म्हटलं, "बरोबर. आता मराठीत सांग."

"मामा दरवर्षी लांजीला येणं टाळतात."

"अगं, टाळतात नव्हे, पुढे ढकलतात."

"तेच ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. हिंदीत 'टालना' म्हणजे पुढे ढकलणंही होतं. तारीख टाल दी, कार्यक्रम टल गया, असं तिकडे सर्रास बोलतात. आपल्या मराठीत टाळणं म्हणजे चुकवणं, तोंड फिरवणं. दोन भाषांच्या शिवेवर वाढलेल्या मुलीने हिंदीचा अर्थ मराठी शब्दात घातला, एवढंच. मी तिला फरक समजावून सांगितला, तिने वहीत लिहूनही घेतला. फोन ठेवल्यावर मात्र मलाच झोप येईना.

खरंच फरक आहे का?

एक वर्षाचा हिशेब मांडला तर आहे. एकदा निवडणुकीची ड्यूटी लागली, एकदा सासरे आजारी पडले, एकदा मुलाची दहावी होती, 2020 साली तर सगळा देशच बंद होता. कारणं खरी आहेत, एकही खोटं नाही. पण एकोणीस कारणं एकाखाली एक लिहून बेरीज केली तर उत्तर 'टाळलं' असंच येतं. कचेरीत आम्ही फाइलवर 'विचाराधीन' लिहितो. दहा वर्षं विचाराधीन राहिलेल्या अर्जाला नकार मिळालेला नसतो, पण अर्जदाराला जे कळायचं ते कळलेलं असतं.

ताई दोन-तीन वर्षांतून एकदा चवथीला माहेरी येते. ती येते, म्हणून आपण गेलो नाही तरी चालतं, असं मी धरून चाललो. लग्न इथेच गोव्यात झालं, त्यामुळे तिचं घर मी आजवर पाहिलेलं नाही. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जायचं असतं. मी आधी मनीऑर्डर करायचो, आता मोबाइलवरून पैसे पाठवतो. भाची लहान होती तेव्हा म्हणायची, मामा आले की लांजीचा किल्ला दाखवीन. आता ती तसं म्हणत नाही. बारावी झाली की शिकायला बाहेर जाईल, मग किल्ला दाखवायला घरी कोण असणार?

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्ज लिहिला, पेनाने. वाट काही अवघड नाही. इथून बसने कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदिया, आणि पुढे आमगाववरून लांजी. एकोणीस वर्षांत ही वाट मी कधी नीट शोधलीही नव्हती, हे त्या दिवशी लक्षात आलं.

संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं, "यंदा भाऊबीजेला येतोय."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पळोवया."

असो. अर्ज मंजूर झालाय.