झ्युरिकहून : भारमानात न बसणारे प्रवासी

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो वाशिम जिल्ह्यातूनच जातो; पण केनवडच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तो फारसा कामाचा नाही. महामार्गावर दुचाकीला मज्जाव, आणि हात दाखवून गाडी थांबवायचीही सोय नाही. मालेगाव–मेहकर रस्त्यावरच्या या गावाला कॉलेज, दवाखाना, कचेरी गाठायची तर एस.टी.चाच आधार. म्हणून या पट्ट्यातली सुधारणा जोखताना किती मिनिटं वाचली हे नंतर विचारावं. आधी विचारावं, पुढची गाडी केव्हा आहे आणि ती नक्की येणार का?

इथे झ्युरिकमध्ये नियोजनाची सुरुवात याच प्रश्नापासून होते. स्वित्झर्लंडने १९८२ साली ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक देशभर लागू केलं. गावची बस ७ वाजून १२ मिनिटांनी असेल, तर ८ वाजून १२ मिनिटांनीही असते, आणि ती स्टेशनात पोचते ती पुढची रेल्वे मिळेल अशा बेतानं. रहिवासी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा मिळून तीनशेचा आकडा भरला, की त्या वस्तीला सार्वजनिक वाहतूक द्यायची, असा इथल्या कँटनचा नियम आहे. तुटीचा निम्मा भार कँटन उचलतं, निम्मा स्थानिक पालिका.

श्रीमंतांचे चोचले आपल्याला कसे परवडतील, हा आक्षेप रास्त आहे. तासाला बस आज कुणी मागतही नाही. पण आपल्याकडे फेरीचं भवितव्य भारमानावर ठरतं, आणि भारमानात गाडीत बसलेलेच मोजले जातात. वाट पाहून काळी-पिवळीत चढलेले किंवा घरीच राहिलेले त्यात येत नाहीत. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं आणि एस.टी.त बायकांची गर्दी वाढली. म्हणजे गरज आधीही होतीच. काळी-पिवळी आहे की, असंही म्हणतील. पण ती भरल्यावर सुटते. संध्याकाळी कॉलेज सुटलेल्या मुलीला तिचा भरवसा धरता येत नाही.

तेव्हा एस.टी.च्या रिसोड आगाराने मालेगाव–मेहकर रस्त्यावर निदान दोन तासांनी, ठरल्या मिनिटाला गाडी सोडावी, काही फेऱ्या वाशिमच्या रेल्वेशी जुळवाव्यात, शेवटची गाडी कधीही रद्द करू नये. वर्षाअखेरी भारमानाशेजारी रद्द झालेल्या फेऱ्यांचा आकडाही थांब्यावर लावावा. यासाठी नवा रस्ता बांधावा लागत नाही.