वावर डोंगराकडचं की पूर्णेकडचं?

शेततळं कुठे खोदायचं हे विचारायला लोक मला बोलावतात. मी आधी उलटा प्रश्न टाकतो : वावर सातपुड्याकडचं की पूर्णा नदीकडचं? अमरावती-अकोल्यात शेताच्या आराखड्यातलं निम्मं काम या उत्तरातच होतं.

वरुड, अचलपूर, अकोट या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा गाळ आहे. डोंगरावरून धावत आलेला नाला इथे पसरतो आणि जिरतो. त्याला मदत करायची, एवढंच माझं काम : वर समतल चर, खाली दगडी बांध, काठाला निर्गुडी नि करंज. 2016 साली वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा पहिल्यांदा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरुड होतं. तिथल्या गावांनी श्रमदानाने हेच केलं. मात्र बोअरने उपसलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात भरून संत्र्यासाठी साठवायचं, हे मला पटत नाही. जमिनीच्या पोटात झाकलेलं पाणी वैशाखातल्या उन्हापुढे उघडं का मांडावं?

खाली दर्यापूर, मूर्तिजापूरकडे खारपाणपट्ट्यात सगळंच उलट. चिकण काळी माती पहिल्या पावसात भेगांवाटे पाणी पिते, मग फुगते आणि तोंड मिटते. पुढचा पाऊस वावरात तुंबतो, मूग पिवळा पडतो. त्याच वावरात डिसेंबरात हरभऱ्याला ओल पुरत नाही. विहिरीला पाणी असतं, पण खारं. तेच देत राहिलं तर जमीन चोपण होते. इथे जिरवण्याच्या गोष्टी करू नयेत. पावसाचं गोडं पाणी वरच धरायचं. पीक बुडवणारी हीच माती तळ्याला प्लास्टिकशिवाय पाणी धरून ठेवते, आणि हरभऱ्याला तुषारने एक-दोन संरक्षित ओलितं मिळतात.

तळ्यापर्यंतची वाट मात्र नीट हवी. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, सऱ्यांचं पाणी मारवेल गवताच्या पसरट चारीत, मग गाळ बसायला खड्डा, मग तळं. धुऱ्यावर वाळा लावला तर माती अडते, पाणी गाळून जातं. उतार इतका कमी, की डोळ्याला दिसत नाही. पातळी मोजायला हायड्रोमार्करची पाण्याची नळी धरावी लागते. पण त्याआधी मी म्हाताऱ्या कास्तकाराला विचारतो. पाणी कोणत्या पांदणीतून निघतं आणि कुठे थबकतं, हे त्याला नळीपेक्षा आधी माहीत असतं.

नाल्याचं वळण पोकलेनने सरळ करायला मी तयार होत नाही. वळणावर पाणी दमतं. सरळ केलं की ते वेगाने खालच्या गावात शिरतं. काठाचं गवत गेलं की काठही जातो. शहरात पुराच्या पाण्याची पसरायची जागाच आपण बांधून टाकली. जुलै 2021 मध्ये अकोल्यात मोर्णा नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते पावसाइतकंच या बांधकामांमुळे, असं माझं मत आहे.

तेव्हा तळ्यासाठी अर्ज भरण्याआधी एक करा. जुलैच्या भर पावसात धुऱ्यावर उभे राहा, आणि वाहता काडीकचरा जिथे अडतो तिथे खुंट्या ठोकून ठेवा.