संगीतातील सोवळे-ओवळे

सोवळ्या-ओवळ्याचा विचार स्वयंपाकघरातून बराचसा हद्दपार झाला असला, तरी संगीताच्या दिवाणखान्यात तो अद्याप ठाण मांडून बसला आहे. ख्याल म्हटला की माना आपोआप डोलू लागतात. लावणी म्हटली की त्याच माना, ढोलकीवर थाप पडण्यापूर्वीच, संकोचाने खाली जातात. ऐकण्याआधीच दिलेल्या या निकालाला रसिकता म्हणावे काय?

वस्तुतः आज अभिजाततेच्या गादीवर विराजमान झालेल्या ख्यालालाही एके काळी धृपदिये हलके गाणे समजत. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्रा’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी-दिंडीबरोबर लावणीच्याही चाली घेतल्या, आणि फडावर ओवळे ठरणारे ते वळण नाटकगृहात घरंदाज मंडळींनी आनंदाने ऐकले. सूर बदलले नव्हते. बैठक बदलली होती.

अधिकार हाती आला म्हणजे विवेक येतोच, असेही नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीस बंदी केली. पेटीतून मींड निघत नाही, हा आक्षेप खरा. परंतु थोर गवई तीच पेटी साथीला घेऊन मैफली रंगवीत होते. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या अमदानीत चित्रपटगीतांना मज्जाव झाला, तेव्हा श्रोत्यांनी रागदारीकडे न वळता सिलोनचे केंद्र लावले; अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

अशा शिक्क्यांनी सुरांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते माणसांचे. एका स्नेहसंमेलनात लावणी म्हणू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस ‘काहीतरी चांगले गा’ असे बजावलेले आम्ही ऐकले आहे. तिचा आवाज कसा, शब्दाची फेक कशी, हे कोणी विचारले नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ दहा भावांनी खुलविणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, त्यांची नव्वदी उलटल्यावर! तोवर किती गुणी कंठ उपेक्षेतच मिटले असतील, याचा हिशेब कोणत्या समीक्षकाने ठेवला आहे?

सारेच गाणे सारख्या मोलाचे, असे आमचे म्हणणे नाही. निर्जीव लावणी असते, तसा निर्जीव ख्यालही असतो. पण तो निवाडा कानाने करावा. गाणारीचे घर विचारून नव्हे.