फवारणीनंतर रक्तात नेमकं काय तपासायचं?

सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टरसाहेब, रक्तात औषध किती गेलं, ते तपासून द्या ना."

एखाद्या वस्तूत कोणतं रसायन किती आहे, हे शोधण्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यातले शोधनिबंध मी सवडीने वाचतो. गेल्या काही दशकांत त्यांची ओढ एकाच दिशेला दिसते: अधिकाधिक सूक्ष्म अंश पकडायचा. आज अब्जात एक भाग मोजता येतो, म्हणजे दहा हजार लिटरच्या शंभर टँकर पाण्यात मिसळलेला एक ग्रॅम! 2003 मध्ये फळं-भाज्यांतले कीटकनाशकांचे अंश झटपट आणि स्वस्तात वेगळे काढणारी 'क्वेचर्स' ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि हे काम आणखी सोपं झालं. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची अशी बारीक तपासणी होते.

पण फवारणी करणाऱ्या माणसासाठी 'विष किती' यापेक्षा 'विषाने शरीरात काय केलं' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. ते बंद पडलं की नसांचे संदेश थांबतच नाहीत. मग लाळ, घाम, उलट्या, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं.

हे एन्झाइम किती काम करतंय, ते मोजण्याची सोपी रीत जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केली. रक्ताच्या नमुन्यात दोन रसायनं घालायची. एन्झाइम शाबूत असेल तर पिवळा रंग भराभर चढतो, बंद पडलं असेल तर हळू. रंग चढण्याचा वेग मोजायचा, बस्स. साठ वर्षं उलटली, तरी बहुतेक तपासण्या याच तत्त्वावर किंवा त्याच्या जवळपासच्या पद्धतीवर चालतात.

2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मानोरा-कारंज्याची शिवारं त्या जिल्ह्याला लागूनच आहेत. पिकं तीच, पंपही तेच. म्हणून संशोधनातली दुसरी, तुलनेने नवी दिशा मला जास्त मोलाची वाटते. 2007 मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी कागदाच्या तुकड्यावर रासायनिक चाचणी करून दाखवली. तेव्हापासून कोलिनेस्टरेजची चाचणीही कागदी पट्टीवर आणण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी सुरू आहेत. निर्यातीच्या द्राक्षाला मोठं यंत्र मिळतं. फवारणाऱ्या माणसाला निदान अशी एक पट्टी गावच्या आरोग्य केंद्रात मिळायला हवी.

तोवर तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

या एन्झाइमची पातळी माणसागणिक वेगळी असते. रोजंदारीवर सतत फवारणी करत असाल, तर हंगामाआधी एकदा तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे तुलना करता येते.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे विषबाधा नाही, असं समजू नका. पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांनी हे एन्झाइम कमी होत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रिपोर्टसाठी थांबू नका. आम्ही डॉक्टरही थांबत नाही. बाहुल्या, लाळ, नाडी आणि छाती पाहून अ‍ॅट्रोपिन सुरू करतो. त्रास जाणवताच फवारणी थांबवा, कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि 108 ला फोन करा. घरच्यांनी दूध पाजू नये, उलटी करवू नये.

आणि येताना औषधाची बाटली किंवा डबा बरोबर आणा. कोणतं विष आहे, हे त्यावरचं नाव वाचून कळतं, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही.