चंद्र मोठा होतो, उजेड वाढत नाही

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की रिसोडमध्ये माणसं गच्चीवर चढतात. पश्चिमेकडे तोंड करून लहानमोठे सगळे उभे असतात. गेल्या काही वर्षांत या गर्दीत मोबाइल आले आणि आमच्या मोहल्ल्यात माझा कॅमेराही आला. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुटीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतो, म्हणून माझ्याकडे १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, याच्या मागे ते टू-एक्स लावलं तर चांद लवकर दिसेल ना?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: चंद्र मोठा दिसेल, पण लवकर दिसणार नाही. मात्र हे का, ते समजून घेतल्याशिवाय माणसं हजारो रुपये खर्च करतात आणि मग नवीन वस्तू कपाटात पडून राहते. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा भिंगांचा छोटा डबा. लेन्सने तयार केलेली प्रतिमा तो फुगवतो. १.४ एक्सचा असेल तर ६०० मिलिमीटरचे ८४० होतात, २ एक्सचा असेल तर १२००. आता हे फुगवणं होतं कसं? आमच्या घरी अम्मी चमचाभर तूप एका भाकरीवर पसरायची. तेवढंच तूप दुप्पट मोठ्या भाकरीवर पसरलं तर थर पातळ होणारच. कन्व्हर्टर हेच करतो. लेन्सच्या पुढच्या काचेतून जेवढा उजेड आला तेवढाच मागे जातो, फक्त जास्त जागेवर पसरतो. १.४ एक्समध्ये क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून उजेड निम्मा, म्हणजे एक स्टॉप कमी. २ एक्समध्ये क्षेत्रफळ चौपट, म्हणजे दोन स्टॉप कमी.

ज्यांच्याकडे ६०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स आहे, त्यांना हा तोटा परवडतो. त्या लेन्समध्ये उजेड आत येण्याची वाट १५० मिलिमीटर रुंद असते. १.४ एक्स लावल्यावरही त्यांच्या हातात ८४० मिलिमीटर एफ/५.६ उरतं. पण तसली लेन्स लाखो रुपयांची. आपल्यासारखे लोक जी झूम घेतात ती लांबच्या टोकाला एफ/६.३ असते, म्हणजे वाट साधारण ९५ मिलिमीटरची. फोटोग्राफर हिला स्लो लेन्स म्हणतात, कारण उजेड कमी येत असल्याने शटर सावकाश चालवावं लागतं. हिच्यावर १.४ एक्स लावला की एफ/९ होतं, २ एक्स लावला की एफ/१३ च्या आसपास. आपल्या खिशात मुळातच कमी आहे आणि कन्व्हर्टर त्यातूनच खर्च करतो. इंटरनेटवरचे सुंदर नमुने पाहताना ते कुठल्या लेन्सवर काढलेत, हे आधी पाहावं.

दुसरी अडचण फोकसची. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस साधारण एफ/५.६ पर्यंत भरवशाचा असतो. काही चांगल्या मॉडेलांमध्ये मधला बिंदू एफ/८ पर्यंत काम करतो. त्यापुढे लेन्स नुसती मागेपुढे होत राहते. मिररलेस कॅमेरे सेन्सरवरूनच फोकस करतात, त्यामुळे ते एफ/११ वर आणि त्याच्याही पुढे चालतात, पण त्यांनाही उजेड आणि समोर ठळक कडा लागते. संधिप्रकाशातल्या कोऱ्या आकाशात यातलं काहीच नसतं.

आता ईदचा चांद घेऊ. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो. ६०० मिलिमीटरवर सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण साडेपाच मिलिमीटरची पडते, ८४० वर पावणेआठ आणि १२०० वर अकरा. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या संध्याकाळी त्या गोलाचा जेमतेम एक टक्का उजळलेला असू शकतो. उरलेलं आकाशात विरलेलं असतं. ती बारीक कोर दिसते की नाही, हे तिच्या आकारापेक्षा ती मागच्या आकाशापेक्षा किती उजळ आहे यावर ठरतं. आणि कन्व्हर्टर कोरही मंद करतो, आकाशही तेवढंच मंद करतो. दोघांमधला फरक होता तसाच राहतो. धूळ असेल, क्षितिजाजवळ पांढुरकं असेल, तर २ एक्सने फक्त ते पांढुरकंच मोठं होतं.

उलट एक नुकसान होतं. ८४० मिलिमीटरवर फुल फ्रेम कॅमेऱ्याला आकाशाचा अडीच अंशांपेक्षाही अरुंद पट्टा दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे मुठीच्या पाव भागाएवढी खिडकी. त्यातून न दिसणारा चंद्र शोधायचा! म्हणून मी कन्व्हर्टर काढून ठेवतो, झूम १५० वर आणतो, सूर्य बुडाला ती जागा आधी नीट लक्षात ठेवतो. दूरच्या टॉवरवर फोकस करून तो हाताने तिथेच रोखतो. सूर्यास्त आणि चंद्रास्त यांच्यातला निम्मा वेळ सरण्याच्या थोडं आधी सगळ्यात चांगली संधी असते. तेव्हा आकाश पुरेसं काळवंडलेलं असतं आणि चंद्र अजून फार खाली गेलेला नसतो. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत लेन्स तिकडे वळवायची नाही. डीएसएलआरच्या खिडकीतून सूर्य दिसला तर डोळा जाऊ शकतो.

एका वर्षी आभाळ धुळकट होतं. गच्चीवर कुणालाच काही दिसलं नाही. रात्री फोटो लॅपटॉपवर घेतले, कॉन्ट्रास्ट खूप वाढवला, तेव्हा एका फोटोत केसाएवढी रेघ दिसल्यासारखी वाटली. भाचा म्हणाला, "मामू, स्टेटसला टाकू?" शेजारचे चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, तू शहादत देगा क्या?" मी तो फोटो कुणालाच पाठवला नाही. चांद दिसला, असं सांगणं म्हणजे साक्ष देणं. त्या साक्षीवर अख्खं गाव रोजा सोडतं किंवा धरतं. मी चंद्र पाहिला नव्हता, मी आकडे ताणून त्यातून एक रेघ काढली होती. यंत्रातून पाहिलेला चांद चालतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निवाडा रुयत-ए-हिलाल कमिटीचा आहे, कॅमेरेवाल्याचा नाही. एवढं मात्र विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगू शकतो की जिथे खूणच अस्पष्ट आहे, तिथे ती मोठी केल्याने खात्री वाढत नाही. काही मोबाइल तर चंद्र ओळखून त्यात तपशील स्वतःच भरतात. त्यांच्या फोटोवर साक्ष कशी द्यायची? निदान कन्व्हर्टर पदरचं काही घालत नाही. जे आहे तेच मोठं करतो, लेन्सच्या उणिवांसकट.

या गणिताची मुळं जुनी आहेत. बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात कैरोमध्ये प्रकाशावर किताब-अल-मनाझिर लिहिली. ग्रहणावरच्या एका वेगळ्या लेखात त्यांनी दाखवलं की खंडग्रास सूर्यग्रहणात बारीक छिद्रातून पडलेला उजेड कोरीच्या आकाराचा असतो आणि छिद्र मोठं केलं की तो आकार हरवतो. छिद्र बारीक ठेवा तर आकार मिळतो पण उजेड जातो. उजेड आणि तपशील यांच्यातला हा सौदा हजार वर्षं जुना आहे. लेन्स आली, तेव्हा तो थोडा सोपा झाला, संपला नाही.

मग कन्व्हर्टर निरुपयोगी का? मुळीच नाही. त्याच चंद्राला चौदा दिवसांनी पाहा. पूर्ण चंद्र म्हणजे भर उन्हातला दगड. एफ/११, आयएसओ १०० आणि शटर १/१०० सेकंद, एवढ्यावर त्याचा फोटो येतो. इथे एफ/९ झाल्याने काहीच बिघडत नाही आणि विवरांचे कंगोरे साध्या झूमपेक्षा मोठे मिळतात. ट्रायपॉड हवा, शटरला हात लागू नये म्हणून टायमर लावावा, एवढंच.

पक्ष्यांचंही तसंच. रिसोडहून लोणार जवळ आहे. हिवाळ्यात सकाळी नऊच्या उन्हात काठाशी शांत उभा असलेला शेकाट्या १.४ एक्सने छान येतो. तोच पक्षी सरोवराच्या मध्यावर असेल तर १२०० मिलिमीटरही पुरत नाहीत, कारण मधली शेकडो मीटर हवा उन्हाने थरथरत असते. आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात, एप्रिलच्या दुपारी काळवीट टिपायला गेलात तर हेच दिसेल: प्राणी मोठा होतो, पण पाण्यातून पाहिल्यासारखा. तिथे कन्व्हर्टरपेक्षा पहाटे लवकर निघणं उपयोगी पडतं. आणि संध्याकाळी, जंगलाच्या सावलीत किंवा उडत्या पक्ष्यावर, स्लो झूमला तो लावूच नये. फोटो लॅपटॉपवर कापून मोठा केला तर बहुतेक वेळा तेवढाच तपशील हाती येतो, तोही हललेला नसतो.

म्हणून कन्व्हर्टर घ्यायला निघालेल्या मुलांना मी एकच गोष्ट विचारतो. तुझे फोटो बिघडतात ते वस्तू छोटी दिसते म्हणून, की अंधुक आणि हललेली येते म्हणून? छोटी दिसत असेल आणि उजेड भरपूर असेल, तर १.४ एक्स घे, तोही आधी कुणाचा तरी लावून पाहून. २ एक्सचा विचार एफ/६.३ च्या लेन्सवर करू नकोस. आणि अंधुक येत असेल, तर ते पैसे चांगल्या ट्रायपॉडमध्ये घाल, उरले तर पहाटेच्या एसटीच्या तिकिटात.